मधल्या नळीतलं पाणी

मंगळवार, ४ फेब्रुवारी
मुलाने आज जाहीर केलं — "आई, जिना तुला आता झेपत नाही. परसात तुझ्यासाठी खाली खोली बांधतो." एकदा पाय काय घसरला, लगेच मला परसात ढकलायला निघाले! माझ्या गॅलरीतून सगळा रस्ता दिसतो. समोरचा शिंपी रोज किती उशिरा दुकान उघडतो याची दखल मी नाही घेतली तर घेणार कोण? खाली काय दिसणार — कुंपणाची भिंत!

नात माती तपासायच्या कचेरीत नोकरीला आहे. म्हणाली, आधी जमीन बघते, मग बांधा.

गुरुवार, ६
नातीने परसात तीन भोकं पाडली. लांबलचक गिरमिट, हाताने फिरवायचं. बारा-बारा फूट खोल! प्रत्येक फुटाची माती वेगळ्या पेटीत, आणि पेट्या कुठे? माझ्या पलंगाखाली. आमची दोघींची खोली एकच, ती पाच वर्षांची असल्यापासून. प्रत्येक भोकात एक नळी उभी केलीय, जमिनीतलं पाणी कुठवर चढतं ते बघायला.

"एवढं शिकून चिखलच कालवायचा होता, तर पाचव्या वर्षी काय वाईट कालवत होतीस?"

"तेव्हा पगार नव्हता, आजी."

जीभ माझ्यावर गेलीय.

शनिवार, ८
धुणं केलं. धुण्याच्या दगडाला लागूनच मधली नळी. साबणाचं पाणी टाकायला मोरीपर्यंत कोण जाईल? ओतली बादली नळीत.

संध्याकाळी नात नळीत मोजायची फीत सोडून ओरडली, "बाबा! मधल्या नळीत तीन फुटांवर पाणी! बाजूच्या दोन्हीत दहा फुटांवर!" मुलाचं तोंड उतरलं. पाणी इतकं वर असेल तर खोलीला जन्मभर ओल, म्हणे. बांधण्यात अर्थ नाही.

मी गप्प. हो, मलाही जमतं गप्प बसायला.

रविवार, ९
एक बादली.

सोमवार, १०
एक बादली. घर रिकामं झालं की खाली उतरायचं, ओतायचं, वर यायचं. जिना झेपत नाही म्हणे!

बुधवार, १२
नात पेट्या पसरून बसली. म्हणाली, "आजी, बघ. पाणी जिथे वर्षानुवर्षं उभं राहतं तिथली माती राखाडी पडते, गंजासारखे डाग धरते. ही दहा फुटांखालची — डागच डाग."

"आणि तीन फुटांवरची?"

"स्वच्छ तपकिरी. एक डाग नाही." माझ्याकडेच बघत होती बया! "नळी म्हणते पाणी आहे. माती म्हणते, इथे कधी नव्हतंच. आता खोटं कोण बोलतंय?"

"प्लास्टिकची नळी. तिचा काय भरवसा!"

"पाण्याला साबणाचा वास येतोय, आजी."

मी म्हटलं, मला सर्दी झालीय, वासाचं मला विचारू नकोस.

गुरुवार, १३
बादली नाही. सर्दी.

शनिवार, १५
नातीने सगळ्यांसमोर अहवाल वाचला. पाणी दहा फुटांवर. जमीन उत्तम. मधल्या नळीचे आकडे धरले नाहीत.

"का गं?" मुलगा.

"वरून कुणीतरी पाणी ओतलं असावं." नाव घेतलं नाही. सून मात्र पाठ फिरवून भांडी पुसत होती आणि खांदे हलत होते. म्हणजे सगळ्या घराला ठाऊक!

मुलगा म्हणाला, "सोमवारी गवंड्याला बोलावतो. आई, तू आता —"

"मी जाणार नाही. उचलून न्या!"

तेवढ्यात नात म्हणाली, "तिला कशाला न्यायचं? जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावा. बादलीसाठी रोज उतरते-चढते ती. खालची खोली मला द्या. पेट्या, टेबल, माझा पलंग, सगळं खाली नेते."

मुलगा हो म्हणाला. जिंकले की मी! खोली माझी, गॅलरी माझी, शिंपी माझा. पलंगाखाली पेट्या नाहीत. पलीकडे तिचा पलंग नाही, तिची बडबड नाही. ऐसपैस होईल.

सोमवार, १७
गवंडी चारला जमीन बघायला येणार. तीन वाजायच्या आत तिन्ही नळ्यांत दोन-दोन बादल्या ओतल्या.