दोन-सहाच्या बांगड्या

नाशिक,
२१ जानेवारी १९८८

प्रिय चांगू,

अनेक आशीर्वाद. आजवर तुला पत्र लिहायचं नाथाने, सांगायचं तुझ्या आईने आणि खाली सही तेवढी मी करायची, असा आपल्या घरचा रिवाज. आज मी एकटाच लिहायला बसलोय, दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावून. चार यत्ता शिकलेल्या कासाराचं अक्षर आहे, सांभाळून घे. आणि हे चारचौघांत वाचू नकोस. बाळ सासूबाईंकडे असेल तेव्हा माडीवर जा आणि सावकाश वाच.

इकडे सगळं ठीक. नाथाचा आवाज फुटलाय, त्यामुळे गिऱ्हाईक आलं की तो मुका होतो. तुझ्या आईचे टाके पार भरले. फक्त पिशवी काढल्यापासून तिला मधेच दरदरून घाम सुटतो. मग समोरच्या मालनबाई शाळेतून आल्या की वही हलवत तिला वारा घालतात आणि त्यांचं स्वतःचं याच वयातलं सांगत बसतात. भर थंडीत दोघी दारं-खिडक्या उघडून बसतात आणि मी मफलर गुंडाळून गल्ल्यावर. काल गोजरामावशी भाजीची पाटी टेकवून मला म्हणाली, "जयराम, तुला कुठला महिना लागलाय रं, एवढा गुंडाळून बसलास?" आईला इतकं हसू आलं की तिने पोट धरलं.

बापाने मुलीला असलं लिहू नये म्हणतील. पण कासाराचा धंदा जगावेगळा. मी पंधरा वर्षांचा असताना खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून गिरणारे, त्र्यंबक, पेठ असे बाजार पायी केले. ज्या घरात परका पुरुष ओसरीच्या पुढे जात नाही, तिथे कासाराला माजघरात पाट मिळतो. बाईचा हात आपल्या हातात असतो, नजर बांगडीवर असते, आणि बायका आपल्यासमोर बोलतात, जणू आपण तिथे नाहीच. कुणाची पाळी चुकली, कुणाचं दूध आटलं, कुणाला मूल नको होतं, सगळं या कानांनी ऐकलंय आणि तिथेच सोडलंय. हातही बोलतो. सातव्या महिन्यात हात सुजतो, बांगडी पंजावर अडते. आणि बांगडी सांध्यावरून सरकताना बाई "स्स" करते. राणी असो की मोलकरीण, करतेच. ते ऐकलं की मला कळतं, हात जिवंत आहे.

आता मुद्द्याचं लिहितो. नाथाचा जन्म झाला ते साल चौऱ्याहत्तर. तू आठ वर्षांची होतीस. तुला आठवत असेल, तू शाळा बुडवून नाथाला मांडीवर घेऊन पायरीवर बसायचीस आणि आई आत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. विचारलंस की आम्ही म्हणायचो, बाळंतवाताने आजारी आहे. तेवढंच तुला माहीत. खरं वेगळं होतं, ते आज सांगतो.

तिला वात नव्हता, ताप नव्हता. जेवण गेलं, झोप गेली. केस विंचरले की मूठभर हातात यायचे. नाथा रडला की ती कानावर हात ठेवायची. मी काय केलं ऐक. तिच्या हातात कायम दोन-सहाच्या मापाच्या बांगड्या. बाळंतपणानंतर दुसऱ्या महिन्यात त्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. कासाराच्या बायकोच्या हातात सैल बांगड्या म्हणजे हलवायाच्या घरचं पोर भुकेलं दिसल्यासारखं. लोक काय म्हणतील! मी त्या काढल्या आणि एक माप लहान, दोन-चारच्या भरल्या. दीड महिन्याने त्याही उतरवून दोन-दोनच्या भरल्या, तुला यायच्या त्याच्या जेमतेम एक माप वर. कशा चपखल बसल्या म्हणून मीच खूष. गिऱ्हाइकांना सांगायचो, आमच्या घरात दोन पोरं झाली तरी हात बघा, नव्या नवरीचा. बायका हसायच्या. आणि बांगड्या भरताना तुझ्या आईने एकदाही "स्स" केलं नव्हतं, हे या तिखट कानांना ऐकू आलं नाही.

एका दुपारी ती बाळाचे कपडे धुवायला म्हणून नदीवर गेली. नाथा तुझ्याजवळ होता. गोजरामावशी तेव्हा घाटाजवळ भाजी विकायची. तिने पाहिलं, कपड्यांची बादली कोरडी, आणि ही शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलेली, खाली बघत. दुसरी कुणी असती तर ओरडली असती, गर्दी जमवली असती. मावशीने पाटी उचलली, हिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिथूनच मेथी-कोथिंबिरीचा पुकारा करायला लागली. एक शब्द विचारला नाही. ऊन उतरेपर्यंत दोघी तशाच बसल्या. मग म्हणाली, "ऊठ यशोदे, पाटी उचलू लाग, माझा गुडघा दुखतोय." त्या पाटीला एक हात लावून तुझी आई घरी आली.

आल्यावर मावशीने दुकानात माझ्यासमोर तिचा हात धरला आणि आपला हात शेजारी ठेवला. "ही आणि मी एका मापाच्या. दोन-सहा. मग हा हात कुणाचा हाय रं?" मी म्हटलं, बारीक झाली थोडी, बाळंतीण आहे. तेव्हा ती जे बोलली ते मी मेलो तरी विसरणार नाही. "मेल्या, बांगडी बदलत बसलास, बाई नाय बघितलीस! त्या सैल बांगड्या राहू दिल्या असत्यास तर गल्लीला दिसलं असतं ना. तू झाकलंस."

त्या दिवशी मावशीने माझ्याच हाताने तुझ्या आईला पुन्हा दोन-सहाच्या भरायला लावल्या. हात वर केला की खळ्ळकन कोपराशी. नळावर, दारात, हळदीकुंकवाला, ज्या बाईने ते पाहिलं ती थांबली. सकाळी मावशी अंघोळ घालायची, दुपारी मालनबाई अळिवाची खीर घेऊन यायच्या आणि ती संपेपर्यंत हलायच्या नाहीत. नाथा कुणाच्या तरी कडेवर असायचा. तुझी वेणी कोण घालतं याचा तर पत्ताच नसायचा. आईला एकटं सोडायचं नाही असं त्यांनी आपसात ठरवलं होतं, पण पहारा वाटेल असं कधी वागल्या नाहीत.

दुकान आणि घर यांच्यामध्ये आपला तो फुलाफुलांचा पडदा. त्याच्या अलीकडे बसून मी ऐकलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुझी आई मावशीला आणि मालनबाईंना म्हणाली, "मला पोराला उचलायची भीती वाटते. माझ्या हातून त्याला काही होईल." माझ्या हातातली बांगडी पिचली. मला वाटलं, आता या दोघी कानावर हात ठेवतील, देवऋषी बघा म्हणतील. पण मावशी म्हणाली, "मग नको उचलू. आम्ही हाय ना उचलायला. तू फक्त जेव." थोड्या वेळाने मालनबाई, त्या शाळेतल्या कडक बाई, अगदी हळू म्हणाल्या, "माझ्या थोरल्याच्या वेळी मी त्याला पाळण्यात रडत ठेवून एस.टी. स्टँडपर्यंत गेले होते. हे मी आज पहिल्यांदा बोलतेय." बऱ्याच वेळाने तुझ्या आईचं रडणं ऐकू आलं, मोठ्याने, तीन महिन्यांतलं पहिलं. मी उठलो आणि फळ्या लावून घेतल्या, म्हणजे कुणी गिऱ्हाईक मधे यायला नको.

हे लगेच बरं झालं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मधे चार दिवस चांगले, मग पुन्हा भिंत. पण बांगड्या कोपरापासून खाली यायला लागल्या, बोटभर, दोन बोटं. चैत्रात हळदीकुंकवासाठी नव्या भरत होतो, दोन-सहाच्याच. एक सांध्यावर अडली आणि तुझी आई म्हणाली, "स्स... हळू की हो!" चांगू, मला बांगडी दिसेनाशी झाली. त्याच दुपारी तिने नाथाला आपणहून उचललं. मावशी फक्त भाजी निवडत राहिली.

हे सगळं तुझ्या आईला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "मला सांगता येणार नाही, मी रडेन. तुम्ही लिहा. सगळं लिहा. नदीचंही."

परवा बाळाच्या बोरन्हाणाला मी लासलगावला आलो. तुझं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण नेमकं तेव्हाच आईचं ऑपरेशन निघालं आणि तू तिथेच राहिलीस. एकदाही कुरकुरली नाहीस. सगळ्यांसमोर मी तुझ्या हातात संक्रांतीच्या काळ्या बांगड्या भरल्या. लग्नात तुला दोन-सहाच्या भरल्या होत्या. परवा त्या तू हात हलवताच निघून आल्या. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "बाळंतपणानंतरही पोरगी कशी बारीक राहिली!" आणि मी, तीस वर्षांची सवय बघ, पिशवीतून दोन-दोनच्या काढल्या आणि चपखल बसवून दिल्या. वर हसलोही. तू म्हणालीस, "मी मजेत आहे आण्णा, आईला सांगा." बाळ पूर्ण वेळ सासूबाईंच्या मांडीवर होतं आणि तू एकदाही तिकडे पाहिलं नाहीस. एस.टी. निफाडच्या पुढे आली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, बारा बांगड्या भरल्या आणि तू एकदाही "स्स" केलं नाहीस. मी दुसऱ्यांदा तेच केलं, पोरी. या वेळी माझ्या लेकीचं झाकलं. म्हणून हे पत्र. सोमवारच्या सकाळच्या गाडीने तुझी आई आणि गोजरामावशी येताहेत. आईची काळजी करून त्यांना परत पाठवू नकोस. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलंय, आणि नाही म्हटलं असतं तरी ती थांबली नसती. जावईबापूंना मी वेगळं पत्र टाकलंय, त्यांना जेवढं सांगायचं तेवढं. मावशी काही विचारणार नाही. तुझ्या शेजारी बसून लासलगावच्या कांद्याला नावं ठेवेल. तुला बोलावंसं वाटलं तर बोल, काहीही बोल, त्या दोघींनी ते आधीच ऐकलेलं आहे. आईच्या पिशवीत कापडात गुंडाळलेल्या दोन-सहाच्या बांगड्या आहेत. माझ्या त्या परवाच्या काढून टाक आणि या घाल. सैल होतील, कोपरापर्यंत जातील. जाऊ देत. दिसू देत सगळ्यांना. हात भरायचा तेव्हा भरेल. मी मापात बसवायला येणार नाही.

तुझाच,
आण्णा