अर्धी होडी

गडचिरोली, १२ जानेवारी १९५५

पोस्टाचे तिकीट पाण्यातून काढून भिंगाखाली धरले. शिक्क्याच्या चित्रातली अर्धी होडीच दिसते. उरलेली होडी आणि गावाचे नाव पाकिटावर होते. तिकीट कापून पाकीट मी दुपारीच चुलीत घातले. एवढी घाई कशाला?

शेजारच्या जाईबाईच्या मुलाचे दोन वर्षांनी पत्र आले, त्यात पत्ता नाही. सकाळी वाचून दिले, तेव्हा माझ्या तिकीटसंग्रहासाठी पाकीट मीच मागून घेतले. संध्याकाळी ती आली.

"मास्तर, शिक्का पाहून गाव सांगता म्हने तुमी. माझा पोरगा कुठी हाय?"

"शिक्क्यावर होडी आहे." होडीच ना?

"डोंगा? मंग पाकिटावरचं नाव वाचून द्या ना, भाऊ."

शोधतो म्हणालो. खोटे बोललो.

ता. १३. सकाळी तिला खरे सांगितले. तिकीट पदराला बांधून ती वैनगंगेवर गेली, नावाड्यांना दाखवायला.