शेवटचं पान

मंगळवार, संध्याकाळ. अंबरनाथ पश्चिम

भारनियमनामुळे रोज सातला वीज जाते, म्हणून मी कॉम्प्युटरवर इंटरनेटवरच्या झटपट संपणाऱ्या पोकर स्पर्धाच खेळतो. फी चहाएवढी. आज पहिल्यांदाच शेवटच्या दोघांत उरलो. हातात दोन राजे! पैजेच्या सगळ्या चिप्स पुढे लोटल्या. एरवी मला जुगारी म्हणणारी सुमन तव्यावरची पोळी सोडून मागे येऊन उभी राहिली.

"राजे आहेत ना? मग घाबरतोस कशाला?"

एकच पान उघडायचं राहिलं होतं, आणि वीज गेली.

"मेल्यांना मिनिटभर धीर नाही!" सुमन ओरडली.

ते पान तिकडे उघडलं असेलच. कोणतं? पोळी करपली. ते पान कोणतं असेल?

"पूर्वेला आत्ता वीज असते. सायबर कॅफेत चल," ती म्हणाली.

ती साडी बदलतेय, तोवर मेणबत्तीच्या उजेडात हे लिहितोय.