चौसष्टच्या जागी बत्तीस

२२ सप्टें. ९९, बुध.
तैवानात भूकंप. तिथे माणसं ढिगाऱ्याखाली, आणि आमच्या बडोद्यातल्या, फतेगंजच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मालक जयंतीभाई पेढे वाटायचेच काय ते राहिलेत. अकरा वाजता मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याचा फोन आला. लगेच फळ्यावरचा मेमरीचा भाव पुसून जवळजवळ दुप्पट लिहिला. कपाटातला माल मात्र उन्हाळ्यात घेतलेला, कोरिया-तैवानवाले एकमेकांना बुडवायला मातीमोलाने विकत होते तेव्हाचा. म्हटलं, "भूकंप आपल्या कपाटात नाही झाला."
"बेन, आ धंधो छे, सेवा नथी."

२४ सप्टें.
चूक माझी. बाजारात मेमरीचा भाव त्या दिवसापुरताच देतात. मी माझ्या जुन्या शाळेच्या, लहरीपुऱ्याजवळच्या, भूकंपाआधीच्या कोटेशनवर 'भाव तीस दिवस कायम' टाइप केलं होतं, कारण त्यांची कमिटी महिन्यातून एकदाच बसते. ज.भाईंनी न वाचता सही केली होती. आज मुख्याध्यापिका दिघेबाई ऑर्डर घेऊन स्वतः आल्या. दहा मशीन, प्रत्येकात चौसष्ट एमबी, जुन्याच भावाने.
"आपल्याच मुलीकडून घेतोय म्हटल्यावर कमिटी लगेच हो म्हणाली."
ज.भाई नुसते हसत होते. तेव्हाच कळायला हवं होतं.

२८ सप्टें.
मशीन तयार. एकेक उघडून पाहिलं. दहाच्या दहांत बत्तीस. मालाच्या चलनावर चौसष्ट, खाली 'तपासून दिले', आणि सही माझी हवी.
ज.भाई म्हणतात, श्राद्ध सुरू आहे, घटस्थापनेपर्यंत तुमचे लोक नव्या वस्तूला हात लावणार नाहीत, तोवर बिल पास. वर, "छोकरीओ टायपिंगच शिकणार ने?"
टायपिंगच!
म्हणे बाजार खुला झाला. कुणासाठी? चिप बनते तिकडे, भाव ठरतो तिकडे. काटछाट तेवढी इथे, आमच्या मुलींच्या मशीनमध्ये.
घरी सांगितलं. आई : "नोकरी गेली तर?" बाबा जेवताना थांबले. "मला इंग्रजी येत नाही, म्हणून साहेब बोट ठेवेल तिथे सही करत आलो. तू बी.एस्सी. झालीस ना?"
दोघंही बरोबर. त्याचाच जास्त संताप.

३० सप्टें., गुरु.
टेंपोबरोबर शाळेत गेले. चलन पर्समध्ये, सही नाही.
बाईंना म्हटलं, एक मशीन आत्ताच लावू. चालू झालं की काळ्या पडद्यावर मेमरीचा आकडा चढत जातो. कुठे थांबायला हवा ते कागदावर लिहून दिलं : ६५५३६, म्हणजे चौसष्ट एमबी. निम्म्यावर थांबला तर माल घेऊ नका.
"पितृपक्षात? अगं, कमिटी मला ठेवेल का?"
"मला तरी दुकानात कुठे ठेवणार आहेत, बाई."
बाईंनी तो कागद मशीनशेजारी ठेवला. मग चष्मा लावला.
"बटन कुठलं गं?"