जावळासाठी पंचतारांकित खोली

३ नोव्हेंबर
अर्पिताचा मेसेज आला. बाळाचं जावळ २३ तारखेला, रविवारी सकाळी, मुंबईत मुलुंडला तिच्या घरी. 'मांडीवर' हा शब्द तिने 'मांडिवर' असा लिहिला आहे. दुरुस्त करून परत पाठवावा असं वाटलं. पाठवला नाही. पाच वर्षांत तिचा हा पहिलाच लांब मेसेज.

आमच्याकडे बाळाचं जावळ मामाच्या मांडीवर बसवूनच काढतात. मामा मी एकटाच. म्हणजे जाणं आलंच. जायला हरकत काहीच नाही. प्रश्न फक्त उतरायचं कुठे, एवढाच आहे.

४ नोव्हेंबर
आईपुढे प्रश्न मांडला. आई म्हणाली, कुठं उतरायचं म्हंजे? लेकीच्या घरी. मी शांतपणे समजावलं की त्यांचं घर लहान, त्यात तान्हं मूल, आपण गेलो तर त्यांची अडचण होईल. आई म्हणाली, आडचन तिला हाय का तुला, ते आदी ठरव.

मी ठरवलं आहे. मुंबईत पंचतारांकित हॉटेलात उतरायचं. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, माघारी घराची इभ्रत मलाच सांभाळायची आहे. शिवाय एवढ्या मोठ्या हॉटेलात उतरल्यावर कोणी असं म्हणू शकणार नाही की, नागसेनच्या घरी राहायला नको म्हणून हे लोक बाहेर राहिले.

नागसेन म्हणजे अर्पिताचा नवरा. बँकेत आहे. लग्न त्यांनी परस्पर केलं. मी जातपात मानत नाही. नववीत याच विषयावर निबंध लिहून तालुक्यात दुसरा आलो होतो. एकही अशुद्ध शब्द नव्हता.

संकल्प : रोज एक तास हॉटेलांचा अभ्यास.

६ नोव्हेंबर
ताडकळसच्या स्टँडजवळ माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे, त्यामुळे नेट घरचंच. आज एका तासाऐवजी दिवसभर अभ्यास झाला. पीकविम्याची माणसं बाहेर ताटकळली. सर्व्हर डाऊन आहे असं सांगितलं.

शेजारी योगीराजचा चहाचा गाडा. आमच्या वर्गात होता, सातवीत शाळा सोडली. तो चहा घेऊन आला आणि स्क्रीनवरचा पोहण्याचा तलाव बघून म्हणाला, आरं, तुला तर विहिरीच्या पायरीवर उभारून चक्कर येती. मी म्हणालो, पोहायचंच असं नाही, सोय असावी. तो म्हणाला, मामा तिकडं तळ्यात, भाचा हिकडं मुलुंडात. न्हावी काय दोगांच्या मदी उभारून वस्तरा फिरवणार हाय का?

लोक हसले. मला काही वाटलं नाही.

९ नोव्हेंबर
तीन हॉटेलं राहिली. विमानतळाजवळचं, तलाव गच्चीवर असलेलं आणि समुद्राकडचं.

विमानतळाजवळचं कटाप. विमानाने जात नसताना तिथे राहणं म्हणजे लोकांची दिशाभूल. गच्चीवालं मुलुंडपासून फारच जवळ निघालं. इतक्या जवळ राहून घरी उतरलो नाही तर ते बरं दिसणार नाही. समुद्राकडचं व्यवस्थित लांब आहे. लांब असलं की कारण द्यावं लागत नाही.

लोकांनी दिलेले अभिप्राय वाचले. एकाने लिहिलं आहे, सर्विस उत्तम पण उशा फार मऊ. दुसऱ्याने लिहिलं आहे, उशा उत्तम पण सर्विस मऊ. दोघांचंही शुद्धलेखन यथातथा. निर्णय घ्यायचा तरी कशावर?

११ नोव्हेंबर
समुद्राकडच्या हॉटेलला फोन केला. बोलायचं ते आधी कागदावर काढून ठेवलं होतं. पलीकडे बाई होत्या. त्या एवढ्या अदबीने बोलल्या की मी उभा राहिलो. येण्याचं कारण विचारलं. जावळाला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना. बिझनेस, असं सांगितलं.

मुख्य मुद्दा मी स्पष्ट विचारला. गाडी भल्या पहाटे पोहोचते. खोली मात्र दुपारी दोनला देतात. मला सकाळीच आंघोळ करून एका कार्यक्रमाला जायचं आहे, तर खोली लवकर मिळेल का? त्या म्हणाल्या, सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी, सर. म्हणजे मिळेल. सर म्हणाल्या, त्यावरूनच कळलं.

बुकिंग केलं. दोन माणसांचा नाश्ता त्यात धरलेला आहे. पैसे परत मिळत नाहीत असं खाली बारीक अक्षरात आहे. परत मागायचा प्रश्नच कुठे येतो?

१३ नोव्हेंबर
रात्री अर्पिताचा फोन. आई अर्धा तास बोलली, मग फोन माझ्या हातात दिला. अर्पिता म्हणाली, दादा, तू येणार हायस ना नक्की? मी म्हणालो, तिकीट कन्फर्म आहे. ती म्हणाली, तिकिटाचं न्हाई विचारायले मी.

मग तिने नागसेनना फोन दिला. ते म्हणाले, मामासाहेब, तुमच्यासाठी गादी नवी भरून घेतली, पिंजारी शोधायला भिवंडीपर्यंत गेलो. मी म्हणालो, मला डॉक्टरांनी मऊ गादी बंद केली आहे. ते म्हणाले, मग मी गादीवर झोपतो, तुम्ही फरशीवर झोपा, मुलुंडची फरशी लय कडक हाय. बँकेत असून असं बोलतात. गाव पाथरीकडचं आहे, त्यामुळे असेल.

मी हॉटेलचं सांगितलं. ते म्हणाले, बरं. जशी तुमची सोय.

खरं तर त्यांना दाजी म्हणायला पाहिजे. आज रेंज नीट नव्हती, म्हणून राहून गेलं.

१६ नोव्हेंबर
आईने परस्पर जाहीर केलं की ती २० तारखेलाच जाणार आणि लेकीच्या घरीच राहणार. न्यायला योगीराज. त्याला मुंबईत उसाच्या रसाचं जुनं मशीन बघायला जायचंच आहे. मी म्हणालो, हॉटेलात तुझं नाव दिलं आहे, समुद्र दिसतो. आई म्हणाली, मला नातू बघायचाय. समुद्र कुठं पळून जायलाय?

मग तिने अण्णांचा विषय काढला. अण्णा वारले तेव्हा अर्पिता आली होती. ओट्यावर बसली आणि तिथूनच परत गेली. आई म्हणाली, तिला घरात ये म्हनलं न्हाई कुनी. मी म्हणालो, त्या दिवशी गर्दी फार होती. आई म्हणाली, व्हय, गर्दी लय होती. वसरी सगळी रिकामी पडली होती, एवढी गर्दी.

आईला हल्ली नीट आठवत नाही. डॉक्टरला दाखवायला हवं.

१८ नोव्हेंबर
परभणीला जाऊन आलो. बाळासाठी टोपरं, अंगडं आणि चांदीचे वाळे घेतले. मामाचा आहेर आहे, तो मामाच्याच हाताने जायला हवा, म्हणून आईजवळ दिला नाही. स्वतःसाठी पांढरा शर्ट. बूट पायाला लागतात, पण हॉटेलच्या फोटोत सगळ्यांच्याच पायात तसे आहेत.

संध्याकाळी घरी काट्या-चमच्याचा सराव केला. आईने पिठलं-भाकरी वाढली होती. सरावाला योग्य पदार्थ नव्हता.

२० नोव्हेंबर
आई आणि योगीराज गेले. आईने धपाटे, लाडू, कुरडया आणि कशाकशाची गाठोडी घेतली. योगीराज बसच्या खिडकीतून ओरडला, रव्या, तुझ्या समुद्राला काई सांगायचं असंल तर सांग, मी आदी चाललोय. पूर्ण स्टँडने ऐकलं.

घर शांत आहे. बरं वाटतं. म्हणजे तसं काही वाटत नाही.

२१ नोव्हेंबर
आईचा फोन. पोचलो. बाळ हसऱ्या तोंडाचं हाय, नाक तुज्यावानी. योगीराज तिथेच राहिला आहे. जागा होते म्हणे. नागसेन त्याच्याबरोबर मशीन बघायला हिंडले. रात्री दोघं गच्चीवर गप्पा मारत बसले होते.

लोकांना आग्रह केला की लोक राहतात. याला स्वभावाची कमजोरी म्हणतात.

मी बाळाला मांडीवर कसं धरायचं त्याचा उशीवर सराव केला. डावा हात मानेखाली. उशीला मान नसल्याने अंदाज येत नाही. तरी जमलं.

२२ नोव्हेंबर, गाडीत
एसीचा डबा. आहेराची पिशवी डोक्याखाली घेतली आहे. समोरच्या गृहस्थांनी विचारलं, मुंबईला कोणाकडे? मी हॉटेलचं नाव सांगितलं. ते म्हणाले, अरे वा. तेव्हापासून काहीच बोललेले नाहीत. परिणाम होतो.

उद्याचं ठरलेलं : पहाटे उतरायचं, हॉटेल, आंघोळ, पांढरा शर्ट, टॅक्सी, मुलुंड, मांडी, आहेर, जेवणाच्या आधी निघायचं. जेवणाला थांबलो तर उशीर होतो. हॉटेलात मुक्काम असताना फार उशीर करणं बरं नाही.

२३ नोव्हेंबर, हॉटेलच्या लॉबीत
पोहोचलो. दारवानाने सलाम केला. मीही केला. तो पुन्हा करायला लागला म्हणून मी आत आलो.

खोली तयार नाही. काउंटरवरचे म्हणाले, रात्री लग्नाचं वऱ्हाड उतरलं, सगळं फुल आहे, दोननंतर मिळेल. मी अव्हेलेबिलिटीचं सांगितलं. ते म्हणाले, हो सर, तीच नाही. लिंबाचं गार सरबत दिलं, तेही एवढ्या सकाळी. बसून आहे.

अडचण अशी की मी पारोसा आहे. रात्रभरचा प्रवास झालेला. पारोशा अंगाने बाळ मांडीवर घेत नाहीत, हे कोणीही सांगेल. आंघोळ झाल्याशिवाय मुलुंडला जाण्यात अर्थ नाही. आणि खोलीशिवाय आंघोळ नाही. याच्यात माझा काही दोष नाही.

अर्पिताचा फोन. दादा, कुठं हायस? न्हावी आलाय, त्याला दहाला दुसरीकडं जायचंय. मी परिस्थिती सांगितली. ती म्हणाली, आरं मंग हितं ये की, पानी तापवून ठेवलंय, हितं आंघोळ कर. मी म्हणालो, तुम्हाला कशाला त्रास. ती म्हणाली, बादलीभर पान्याचा कसला त्रास? मी म्हणालो, टॉवेल वगैरे बॅगेत खाली आहे. ती म्हणाली, दादा, खरं सांग. मी म्हणालो, खरंच खाली आहे.

फोन तिनेच ठेवला.

इथे भिंतीवर पाणी वाहतं. सारखं. बघत बसायला बरं आहे.

पुन्हा फोन, या वेळी आई. न्हावी चाललाय. बाळ रडून रडून लाल झालंय. येतूस का न्हाई, एकदा सांग. मी म्हणालो, दोन वाजता खोली मिळतेय. आई म्हणाली, बस मग तिथंच.

२३ नोव्हेंबर, दुपारी, खोलीत
खोली मिळाली. समुद्र दिसतो. गादी फारच मऊ आहे.

आंघोळ केली. पांढरा शर्ट घातला. बूट घातले. तयार झाल्यावर फोन बघितला. अर्पिताने फोटो पाठवला आहे. योगीराज पाटावर बसला आहे, कपाळाला कुंकू, डोक्याला टॉवेल. बाळ त्याच्या मांडीवर. बाळाचं डोकं तुळतुळीत. शेजारी आई बशीत चहा पिते आहे. खाली लिहिलं आहे, गावाकडचा मामा. एकही चूक नाही.

आईचेच शब्द असणार. आमच्याकडे माहेरच्या गावचा कोणीही माणूस मामाच धरतात. पद्धत जुनी आहे, चुकीची म्हणता येणार नाही.

मी 'छान' असं उत्तर पाठवलं. मग योगीराजचा फोन. रव्या, तुझ्या भाच्यानं माझी पँट भिजवली, आता नवी घ्यावी लागती. मागून सगळे हसत होते. नागसेन काहीतरी म्हणाले आणि पुन्हा सगळे हसले. मग योगीराज हळू आवाजात म्हणाला, आजून ये की लेका. पंगत बसायची हाय. तुझं पान मांडलंय.

मी म्हणालो, आता ऊन फार आहे.

काही वाटलं नाही. बूट काढून बसलो. आहेराची पिशवी खुर्चीवर आहे.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळी
खालून फोन आला. काउंटरवरचे म्हणाले, सर, नागसेन नावाचे गृहस्थ आले आहेत, वर पाठवू का? मुलुंडहून इथपर्यंत. एवढं अंतर.

मी म्हणालो, साहेब बाहेर गेले आहेत, असं सांगा. तो माणूस म्हणाला, सर, म्हणजे आपण? मी म्हणालो, हो, मीच. हे पूर्ण खोटं नाही. समुद्रावर फिरायला जायचा विचार दुपारपासून चालूच होता.

खिडकीतून खालचा रस्ता दिसतो. ते बराच वेळ दारवानाशी बोलत उभे होते. एकदा वर बघितलं. एवढ्या खिडक्यांत कोणती कोणाची ते कळत नाही. मग गेले. चालत गेले. स्टेशन कुठल्या बाजूला आहे ते मला माहीत नाही.

थोड्या वेळाने दारावर टकटक. गणवेशातला माणूस मोठ्या ट्रेवर पांढरा रुमाल पसरून स्टीलचा चार पुडांचा डबा घेऊन आला. म्हणाला, आपके जीजाजी देके गये, बोले गरम है, जल्दी खा लेना.

डबा टेबलावर ठेवला आहे. उघडला नाही. वासावरून पुरणपोळी आहे आणि कटाची आमटी. आईच्या हातची किंवा अर्पिताच्या, ते वासावरून सांगता येत नाही.

सकाळपासून काही खाल्लेलं नाही, पण भूक अशी नाही.

आणि अशा हॉटेलांत बाहेरचं खाणं खोलीत चालत नसावं. दाराच्या मागे नियम लावले आहेत, ते दोनदा वाचले. त्यात तसं कुठे लिहिलेलं नाही. तरी मोठ्या ठिकाणी चालत नाही, एवढं आपल्याला कळतं. सकाळी खाली जाऊन विचारून घेईन.