मास्तरकी सोडताना

गुरुजी, सोमवारपासून मी शाळेत जाणार नाही. चिंचवडला एका कारखान्यात सुताराच्या जागेवर रुजू होतोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही गोष्ट सगळ्यात आधी तुम्हाला सांगायला हवी होती असं वाटत राहिलं, आणि मी मात्र अख्ख्या मारुंजीला सांगून झाल्यावर तुमच्याकडे वळतोय. गेले काही दिवस एका जागी बसवत नाही. जेवता जेवता उठतो, अंगणात जातो, उगाच गोठ्यात डोकावतो, परत पानावर येऊन बसतो. बायको म्हणाली, "दावं तुटल्यावानी काय फिरताय? जायाचं तर जावा, न्हाईतर न्हाई म्हनून कळवा." तिचं खरं आहे. पण तिला तुम्ही ठाऊक नाही. माझ्या हातात सुताराची वाकस दिसली तर तुम्ही काय बोलाल, हे मला ठाऊक आहे, कारण ते मी एकदा ऐकलेलं आहे.

वाडीवरच्या शाळेत तुम्ही मला मास्तर म्हणून लावून दिलंत, त्या वर्षीची गोष्ट. सातवीची फायनल झाल्यावर दोन-तीन वर्षं मी वडिलांच्या हाताखाली नांगर, तिफणी, गाडीची चाकं करत होतो. हात चांगला बसला होता. वडील खुशीत होते. तुम्ही त्यांच्याशी भांडून मला तिथून उठवलंत. "सुगीला खळ्यावर बलुत्याची टोपली घेऊन हुबा ऱ्हातोस, मालक टाकील तेवढं घेतोस, पोरानं बी तेच करायचं व्हय?" असं तुम्ही वडिलांना तोंडावर म्हणालात. मग मी मास्तर झालो. तुम्ही तुमचा काळा कोट मला दिलात, म्हणालात की अंगावर कोट असला की माणसं आधी 'या' म्हणतात, मग कोण म्हणून विचारतात. शाळेचं दार बिजागरीतून निखळलेलं होतं. कुत्री आत येऊन निजायची. एका रविवारी मी घरून हत्यारं नेली आणि चौकट सरळ करून दार नीट बसवलं. मी खूश होऊन मागे सरून बघतोय, तेवढ्यात तुम्ही चढ चढून येताय. घामाघूम. माझी शाळा कशी चाललीय बघायला एवढे लांबून आला होता. पायाशी लाकडाच्या ढलप्या पडलेल्या.

वर्गात तुम्ही शुद्ध बोलायचात, पण राग आला की घरची भाषा बाहेर यायची. "कुनी केलं ह्ये?" मी म्हटलं, मीच. "दाराला सुतार बोलवायचा. हितं न्हाई तर पौडावरनं आनायचा. तू मास्तर हायेस. येकदा का हातात वाकस दिसली, का मरस्तवर तुला सुतारच म्हनतील. कोट घातलास तरी!" मग त्याच दाराच्या उंबऱ्यावर बसून तुम्ही तुमची हकीकत सांगितलीत. तुम्ही न्हाव्याच्या घरातले, हे सगळ्यांना माहीत होतं, पण तुमच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकत होतो. तुम्ही नवे मास्तर असताना गावात एक मोठं लग्न निघालं. गावचा न्हावी तापानं पडलेला. माणसं शाळेत आली आणि म्हणाली, मास्तर, तेवढी नवऱ्या मुलाची दाढी करा, तुमच्या बापाचा हात हलका होता, तुमचाही असेल. तुम्ही नाही म्हणालात. तेव्हापासून दिवाळीपर्यंत त्या गावातलं एकही पोर शाळेत आलं नाही. तुम्ही रोज रिकाम्या वर्गात फळ्यावर तारीख लिहून बसत होता. एवढं सांगून तुम्ही पाणी मागितलंत आणि दाराकडे परत बघितलंही नाही. मी नंतर कधी वाडीवर हत्यार नेलं नाही. खुर्चीचा पाय मोडला तेव्हा खरंच पौडहून सुतार आणला. तो ज्या रीतीनं खिळे ठोकत होता ते बघवेना, म्हणून बाहेर जाऊन उभा राहिलो.

आता कारखान्याचं सांगतो. यंत्राचा ओतीव भाग करायचा तर आधी तो हुबेहूब लाकडाचा करावा लागतो. तो नमुना वाळूत दाबायचा, वाळूत त्याची पोकळी उमटते, तिच्यात लोखंडाचा रस ओतायचा. हे नमुने करणारे सुतार त्यांना मिळत नाहीत. मिळाला तर पगार मास्तरच्या जवळजवळ दुप्पट. मी चाचणीला गेलो तो तुमचा कोट घालून. फाटकावरच्या शिपायानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि थेट कारकुनांच्या रांगेत नेऊन उभं केलं. म्हटलं, मी सुतार आहे. तो म्हणाला, "चेष्टा करू नका, साहेब." शेवटी कोट काढून काखेत धरला, तेव्हा आत सोडलं.

आतला फोरमन साताऱ्याकडचा, जाड भिंगांचा. त्यानं कागदावरचा नकाशा पुढ्यात ठेवला आणि सागवानाचा तुकडा दिला. मी खिशातून शाळेची फूटपट्टी काढली, रेघा मारल्या आणि कामाला लागलो. केलं. त्यानं उलटंसुलटं करून बघितलं, सांध्यावरून नख फिरवलं. "काम झ्याक हाय. पर लहान झालंय." मी म्हटलं, पट्टीनं मोजून केलंय. "कुटल्या पट्टीनं?" आणि त्यानं आपली पट्टी माझ्या पट्टीला लावून दाखवली. गुरुजी, तिथला इंचच मोठा आहे! लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून तेवढं आधीच धरून त्यांची पट्टी आखलेली असते. इतकी वर्षं मी पोरांच्या हातावर ज्या पट्टीनं फटके दिले, ती त्या कारखान्यात कामाची नाही. मला हसू आवरेना, फोरमनही हसला. "पुन्यांदा कर," म्हणाला. मी रंधा घेतला. जेवणाचा भोंगा झाला तो मला कुणीतरी सांगितल्यावर कळला. माणसं डबे घेऊन गेली आणि परत आली, तरी मी तिथंच. संध्याकाळी सायकल मारत परत येताना मनगट ठणकत होतं. थेरगाव कधी मागे पडलं ते समजलं नाही.

गावात सांगितलं तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी हटकेल. पारावर बसणारे म्हातारे बागायतदार, ज्यांच्या खळ्यावर माझे वडील उभे राहायचे, ते म्हणाले, "दुप्पट पगार म्हंजी जायालाच पायजे की, मास्तर. ह्यात इचार कसला?" बायकोनं चुलीपुढून मान वर करून विचारलं, "आजपतूर समद्या मला मास्तरीनबाई म्हनत हुत्या. आता काय म्हनतील?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता म्हणाली, "म्हनू द्यात. घरावर कौलं तरी येतील." पगार हा शब्द फार सोयीचा आहे, गुरुजी. तो उच्चारला की पुढचं कुणी विचारत नाही. पगाराचं नाव काढलं नाही ते फक्त वाडीवरच्या एका म्हाताऱ्यानं. त्याची दोन नातवंडं माझ्याकडे आहेत, त्यांच्या घरात अक्षर ओळखणारी पहिलीच. तो म्हणाला, "तुमी गेला म्हंजी शाळंला कुलूप. मागला मास्तर गेला तवा समदा पावसाळा कुलूप हुतं." मग उठता उठता म्हणाला, "बरं, जावा." त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसरा मास्तर लवकर पाठवा म्हणून मी तालुक्याला खेटे घालतोय, ते हो हो म्हणतात.

तुम्ही शेवटी आजारी होता, तेव्हा मी कासार आंबोलीला तुमच्या घरी आलो होतो. दुपार होती. गावात दाढ्या करणारे तुमचे एक चुलतभाऊ तुमची दाढी करायला आले होते. आठवडाभराचे पांढरे खुंट वाढलेले. त्यांनी वस्तरा उघडला आणि तुम्ही हात पुढे केलात. नखावर धार बघितलीत. "ह्येला धार म्हनत्यात व्हय रं?" मग चामड्याचा पट्टा मागितलात, तो खाटेच्या खुराला अडकवायला लावलात, आणि त्याच्यावर वस्तरा फिरवायला लागलात. तुमच्या हातात पाण्याचा पेला ठरत नव्हता त्या दिवसांत, काकू पेला तोंडाला लावायच्या. आणि वस्तरा मात्र खाली-वर, खाली-वर, न अडखळता. चुलतभाऊ बघत राहिले. तुम्ही म्हणालात, "बस हितं." आणि तुम्ही त्यांची दाढी केलीत, गुरुजी. उशीला टेकून, त्यांची हनुवटी दोन बोटांनी वर धरून. एक ओरखडा नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तुम्ही त्यांना गाल हलवू नको म्हणून दटावत होता. तुमचा तसा चेहरा मी वर्गात कधी पाहिला नाही, अगदी आमचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हाही नाही. मग तुमचं लक्ष माझ्याकडे गेलं. वस्तरा मिटलात आणि शुद्ध भाषेत म्हणालात, "हे बाहेर बोलू नकोस."

मी बोललो नाही. पण तेव्हापासून एक विचार डोक्यात घर करून बसलाय. लग्नातली ती दाढी तुम्ही नाकारलीत, ते बरोबरच केलंत. ती माणसं तुम्हाला मास्तर मानायला तयार नव्हती. मग त्यापायी तुमच्या हाताला आयुष्यभर कशाला उपाशी ठेवलंत? आणि माझ्याही? हे विचारायला मी तेव्हा धजलो नाही. तुम्ही रागावला असता, किंवा रडला असता, यातलं कुठलंही मला सोसलं नसतं. आज विचारतोय, कारण आज हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही. थोड्या वेळानं चुलीत घालीन.

कौलांचं, दुप्पट पगाराचं मी सगळ्यांना सांगितलं. बायकोलाही तेच सांगितलं, आणि तिनं ते खरं मानलं. गुरुजी, शाळेत मिळतो तेवढाच पगार दिला असता ना त्यांनी, तरीही मी गेलो असतो.