शेजारचा गणपती

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि लिहायला बसले तर सुचतं ते गणपतींचंच. पेणच्या या पट्ट्यात दुसरं आहे तरी काय? घराघरात कारखाना, आणि मूर्तींचे डोळे आखणारे हंगामभर या दारातून त्या दारात. कुणाकडे काय नवं निघालं ते त्यांच्याबरोबर गावभर व्हायचं. मला ते फार खुपायचं. तू गणपतीला होडीत बसवलंस, तर शेजारच्याने पुढच्याच हंगामात तशीच होडी काढली आणि वर शीड लावलं. मी तणतणत घरात आले. तू भाकऱ्या थापतेयस, मान वर न करता म्हणतेस, "अगो, त्याने केला तर काय झाला? तू पुढचा कर. चार जणांचा बघितल्याबिगर हात चालत न्हाय कोनाचा." पुढच्या वर्षी तू उंदराच्या हाती वल्हं दिलंस, आणि ते बघून शेजारचा पोट धरून हसला होता.

तीन वर्षांपूर्वी मुंबईचा एक व्यापारी आला. सगळा माल उचलतो म्हणाला, फक्त आपला नमुना दुसरीकडे दिसता कामा नये. मी थकले होते गं. दर हंगामात शेजारी भाव पाडणार आणि आपण नवं काढत बसणार, याचा वीट आला होता. दाराला शटर लावलं, आखणारे आपलेच बांधून ठेवले, बाहेरच्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. पहिलं वर्ष शांत गेलं. दुसऱ्या वर्षी माती पुढ्यात घेऊन बसले तर काहीच सुचेना. नुसता पीतांबराचा रंग बदलला. आता व्यापारी पुढच्या आठवड्यात येतोय. नवीन काही नसेल तर तुमच्या शेजाऱ्याकडे विचारतो, असं त्याने फोनवर गोड बोलून सांगितलंय. रंगकामाच्या बायका माझ्या तोंडाकडे बघतात.

काल शेजारच्या कारखान्यावरून जात होते. त्याचं दार नेहमीसारखं उघडं. आत गणपती जाळं विणत बसलेला, मांडीवर जाळं आणि सोंडेत सुई. इतका सुंदर की पाय थबकले. त्याने आतूनच हाक मारली, "ये गो, बघ तरी." मी घाईत आहे म्हणाले आणि निघून आले.

घाई कसलीच नव्हती, आई. तस्साच करायला हात शिवशिवत होते, आणि त्याच्या उंबऱ्यात पाय टाकायची लाज वाटली.